न्यू जर्सीहून पुण्याला परत: मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. शाळेचं कसं करावं?

परतीची_वाट

नमस्कार मंडळी. येत्या जूनमध्ये (२०२६) न्यू जर्सीहून पुण्याला कायमचं परतायचं ठरतंय. मुलगी फेब्रुवारी २०१२ ची, जन्म पुण्याचा, भारतीय पासपोर्ट, सध्या आठवीत. मुलगा नोव्हेंबर २०१७ चा, जन्म इथला, अमेरिकन पासपोर्ट, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) २०२२ चं, सध्या दुसरीत. दोघं घरी मराठी बोलतात पण वाचता येत नाही. हिंदी शून्य.

विचारायचं ते असं. एक, मुलीला नववीत घालावं की पुन्हा आठवीत? दोन, एप्रिलमध्येच शाळा सोडून यावं की इथलं वर्ष पूर्ण करावं? तीन, इथून निघताना कोणकोणते कागद घ्यायचे? इथल्या शाळेत ‘लिव्हिंग सर्टिफिकेट’ म्हटलं तर ऑफिसातल्या बाई नुसत्या बघत राहतात. चार, मराठीचं काय? पाच, नातेवाईक म्हणतात सरळ आयजीसीएसईत (केंब्रिजचा दहावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) घाला, त्रास कमी. खरं का?

दाखल_खारीज

मुलाची काळजी तूर्त बाजूला ठेवा, तिसरीतलं मूल कुठेही रुजतं. सगळं वेळापत्रक मुलीच्या नववीभोवती मांडा.

सीबीएसईत नववी-दहावी हा मिळून दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम धरतात, अकरावी-बारावीचंही तसंच. बोर्डाकडे विद्यार्थ्याची नोंदणी नववीत होते. शाळा नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं आणि विषय पोर्टलवर भरते आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. थेट दहावीत प्रवेश हा अपवाद आहे, त्याला पालकांची बदली वगैरे कारणं दाखवून बोर्डाची मंजुरी लागते, आणि अमेरिकेतली नववी करून आलेल्या मुलाची त्यात फार ओढाताण होते. तेव्हा ‘आणखी एक वर्ष थांबू’ असं कुणाच्या मनात असेल तर त्याचा अर्थ भारतात येऊन नववी पुन्हा करणं, असा धरून चाला. तुमची वेळ नेमकी आहे.

पुन्हा आठवी? अजिबात नको. फेब्रुवारी २०१२ चं मूल महाराष्ट्रात २०१८ च्या जूनमध्ये पहिलीत गेलेलं असतं, म्हणजे जून २०२६ ला नववीतच. वयही जुळतंय, इयत्ताही जुळतेय.

गंमत मुलाची आहे. न्यू जर्सीत बालवाडीला १ ऑक्टोबरपर्यंत पाच पूर्ण अशी अट असते, म्हणून नोव्हेंबरमधली मुलं तिथे एक वर्ष मागे राहतात. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झाले की पहिली. त्या हिशेबाने नोव्हेंबर २०१७ चा मुलगा इथे जून २०२६ ला चौथीत असता, पण शिकून येतोय दुसरी. शाळा विचारेल, ‘वयाने चौथी होते, घालू का?’ नाही म्हणा. तिसरीतच घाला. वर्गात सगळ्यांत मोठ्यांपैकी एक असेल, एवढंच. लिपी नवी, भाषा दोन नव्या, त्यात एक इयत्ता उडी कशाला?

आता कागद. अमेरिकेत शाळा सोडल्याचा दाखला हा प्रकार नाही, त्यामुळे तो मागू नका. मुख्याध्यापकांकडून शाळेच्या लेटरहेडवर पत्र मागा. त्यात मुलाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळेत कधीपासून कधीपर्यंत होता, कोणती इयत्ता पूर्ण केली आणि पुढच्या कोणत्या इयत्तेत जाण्यास पात्र आहे, हे सगळं एकाच पत्रात हवं. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आणि नेमकं तेच राहून जातं. सोबत मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, मुलीच्या बाबतीत सहावी ते आठवी, शिक्का आणि सही असलेली. पोर्टलवरून छापलेली प्रत इथल्या शाळेच्या कारकुनाला पटत नाही, कारण तिच्यावर सही नसते. ‘फर्पा’ हा १९७४ चा कायदा पालकांना शाळेतली नोंद बघायचा हक्क देतो, पण त्यात शाळेला ४५ दिवसांपर्यंत मुदत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मागणी केलीत तर उन्हाळी सुट्टीत अडकाल. मे उजाडायच्या आत अर्ज द्या.

अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने केलेलं प्रमाणन): सगळ्याच शाळा मागत नाहीत, पण मुलीच्या कागदांवर करूनच या, परत आल्यावर ते करणं जिवावर येतं. पद्धत अशी: शाळेच्या अधिकाऱ्याने नोटरीसमोर सही करायची, मग राज्याकडे पाठवायचं. न्यू जर्सीत हे काम राज्याच्या ट्रेझरी खात्याकडे आहे. नोटरी आणि अपोस्टील एकाच राज्याचे लागतात. नोटरी पेनसिल्व्हेनियाचा आणि अर्ज न्यू जर्सीत, असं झालं की कागद परत येतो. जन्मदाखल्याला हा मार्ग चालत नाही. त्याच्या झेरॉक्सवर नोटरी करून उपयोग नाही, राज्याच्या नोंदणी खात्याने दिलेली प्रमाणित प्रतच लागते. जन्म न्यूयॉर्क शहरातला असेल तर आणखी दोन पायऱ्या वाढतात: आधी शहराच्या आरोग्य खात्याचं एक्झेम्प्लिफिकेशनचं (दाखला अस्सल असल्याचं) पत्र, मग काउंटी क्लार्क, मग राज्य.

नावाबद्दल एक विनंती. आपल्याकडे शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहायची रीत. अमेरिकन पासपोर्टवर बहुधा नाव आणि आडनाव एवढंच. प्रवेशाच्या दिवशी कारकून सवयीने वडिलांचं नाव मध्ये घालतो, तुम्हीही घाईत सही करता, आणि आठ वर्षांनी दहावीचं प्रमाणपत्र एक सांगतं, पासपोर्ट दुसरं. रजिस्टरातली नोंद त्याच दिवशी उभं राहून वाचा. दहावीनंतर नाव दुरुस्त करणं म्हणजे राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि बोर्डाच्या खेपा.

खडूफळा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. एप्रिल की जून, यावर माझं मत स्पष्ट जूनचं आहे.

पुण्यातल्या सीबीएसई शाळा एप्रिलच्या सुरुवातीला चालू होतात, तीन-चार आठवडे शिकवून मेमध्ये सुट्टी, जूनच्या मध्याला पुन्हा. म्हणजे जूनमध्ये आलात तर बुडतात ते एप्रिलचे आठवडे. तेवढ्यासाठी तिथली आठवी अर्धवट टाकली तर ‘आठवी उत्तीर्ण’ असा कागदच हातात राहत नाही, आणि नववीच्या प्रवेशाला पहिला प्रश्न तोच येतो. मार्चमध्ये निघायचंच असेल तर ‘तीन मार्किंग पिरियड (वर्षाच्या चार भागांपैकी तीन) पूर्ण, नववीत जाण्यास पात्र’ असं पत्र मिळवा. काही मुख्याध्यापक देतात, काही नियमावर बोट ठेवतात.

मात्र प्रवेशाचं काम जूनपर्यंत थांबवू नका. जागा आत्ताच बघायला हवी. चांगल्या शाळांची प्रवेशप्रक्रिया आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालू असते, नववीत तर कुणी शाळा सोडली तरच जागा होते. ईमेलवर आत्ताची प्रगतिपुस्तकं पाठवा, लेखी उत्तर मागा, आणि अंतिम निकाल जूनअखेर देऊ असं कळवा. ऑगस्ट उलटला की नववीत नवं मूल घ्यायला शाळा तयार होत नाहीत.

राज्य मंडळाची इंग्रजी माध्यमाची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. न्यू जर्सीहून येणाऱ्याला ही तारीख आयती जुळते. या गोष्टीचा फायदा कुणी बोलून दाखवत नाही, कारण परतणाऱ्यांच्या गप्पांत एसएससीचं नाव निघतच नाही.

आता भाषा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी हा सक्तीचा विषय आहे, त्यामुळे ‘सीबीएसईत गेलो की मराठी सुटली’ हा समज काढून टाका. प्रत्यक्षात प्रत्येक शाळा ती कशी शिकवते आणि कशी तपासते यात खूप फरक आहे. प्रवेशाआधी तीन गोष्टी विचारा: मराठी दुसरी भाषा आहे की तिसरी, बाहेरून आलेल्या मुलाला वेगळा गट आहे का, आणि नववीत बोर्डाकडे कोणत्या भाषा नोंदवणार. मुलगी तिकडे शाळेत स्पॅनिश शिकली असेल तरी इथे तीच चालेल असं धरू नका. २०२३ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा नववी-दहावीतही तीन भाषा धरतो आणि त्यांतल्या किमान दोन भारतीय असाव्यात म्हणतो. त्यामुळे मुलीने मराठी पक्की करणं हाच शहाणपणा. बोलता येते हे तिचं भांडवल आहे. हिंदी शून्यातून उभी करण्यापेक्षा बोलता येणारी भाषा वाचायला शिकणं कितीतरी सोपं.

वाचायचं कसं, तर वर्णमालेच्या क्रमाने नको. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्या: ग म भ न, मग व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ. अडखळतात ती जोड्यांत: घ-ध, भ-म, थ-य. यांचं वेगळं पान करा. त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी, उकार. जोडाक्षरं सर्वांत शेवटी, आणि त्यातही र ला वेगळा आठवडा द्या, कारण तो चार वेशांत येतो: ‘सूर्य’मधला रफार, ‘चक्र’मधला तिरपा फाटा, ‘राष्ट्र’मधली खालची टोपी, आणि ‘वाऱ्या’मधला अर्धा. ऱ्हस्व-दीर्घावर पहिले तीन महिने लाल रेघ मारू नका, नाहीतर मूल लिहायचंच बंद होतं.

वही दुरेघी घ्या, एकरेघी नको. अमेरिकेत मुलं अक्षर रेघेवर बसवतात. देवनागरी रेघेखाली लोंबते, हे हाताला कळायला दोन-तीन आठवडे जातात.

पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. मुलासाठी ‘सुलभभारती’ मालिका बघा, प्रथम भाषेची ‘बालभारती’ अजून जड जाईल. मुलीसाठी लक्ष्य नववीची ‘अक्षरभारती’ ठेवा, ती द्वितीय भाषेची आहे. ‘कुमारभारती’ प्रथम भाषेची, तिच्या वाटेला जाऊ नका. तिकडे महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा शनिवार-रविवारी जवळपास भरत असेल तर उरलेले पाच महिने मुलाला तिथे घाला. हात वळवायला पुरे.

गणिती_काका

गणितात अडचण हुशारीची नसते, सवयीची असते. मुलीने आठवीत अल्जेब्रा वन घेतलं असेल तर एकघाती समीकरणं आणि फलन (फंक्शन) यांत ती इथल्या मुलांच्या पुढेच असेल. मागे पडेल ती या ठिकाणी:

कॅल्क्युलेटर. सीबीएसईच्या गणिताच्या पेपरात चालत नाही. तिथे सातवी-आठवीत तो सर्रास हातात असतो. आत्तापासून घरी बंद करा. पाढे वीसपर्यंत, वर्ग पंचवीसपर्यंत, घन दहापर्यंत. तिथे पाढे बाराशी थांबतात आणि इथे चौदा सत्ते क्षणात सांगणाऱ्या मुलांबरोबर पेपर सोडवायचा असतो.

सिद्धता. ‘कारण द्या’ म्हटल्यावर एका ओळीत उत्तर लिहून चालत नाही. पक्ष, साध्य, आकृती, रचना, सिद्धता, प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण. गुण पायऱ्यांना असतात. उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब, तर तीन गुणांच्या प्रश्नाला एक मिळतो.

एककं आणि संख्या. इंच-फूट-पौंड डोक्यात असलेल्या मुलाला १ लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर हे पाठ असून उपयोग नाही, डोळ्यांसमोर यायला हवं. स्वयंपाकघरातली मापं ग्रॅम-मिलिलिटरवर न्या. लाख-कोटींचे स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात (१०,००,०००), तारीख आधी दिवस मग महिना. मुलाचे इथेच गुण जातात, बेरीज-वजाबाकीत नाही.

विज्ञान. तिथली माध्यमिक शाळा प्रयोग करून निरीक्षण लिहायला शिकवते, ते छानच. इथे नववीत व्याख्या, सूत्र, एकक, आकृतीला नावं आणि त्यावर आकडेमोड अशी सगळी सामग्री एकदम येते. पुस्तकं घेताना जपा: एनसीईआरटीने तिसरी आणि सहावीची पुस्तकं २०२४ मध्ये बदलली, चौथी, पाचवी, सातवी आणि आठवीची २०२५ मध्ये. भावंडांची जुनी पुस्तकं, जुनी गाइडं रद्दीत. मुलासाठी तिसरीचं ‘मॅथ्स मेला’ उतरवून घ्या. मुलीने आठवीचं ‘गणित प्रकाश’ आणि विज्ञानाचं ‘क्युरिऑसिटी’ सुट्टीत नुसतं वाचून काढावं. सोडवायची गरज नाही, शब्द ओळखीचे होऊ देत. नववीचं पुस्तक शाळा सांगेल तेच.

आणि ज्याचा कुणी विचार करत नाही ते: हात. तिथे सगळं क्रोमबुकवर टाइप करून झालेलं असतं. इथे ८० गुणांचा पेपर तीन तास पेनने लिहायचा. पहिल्या सहामाहीत ‘येत होतं पण वेळ पुरला नाही’ हे ऐकू येतं त्याचं कारण हेच. फेब्रुवारीपासून रोज अर्धा तास लिहून घ्या, मेपर्यंत दीड तासावर न्या, जूनमध्ये एक पूर्ण पेपर घड्याळ लावून.

परतीची_वाट

काका, पाढ्यांच्या नावाने घरात आत्ताच हाहाकार झालाय! आभार. आयजीसीएसईबद्दल कुणी सांगेल का? आणि मुलाचं ओसीआय असल्याने शाळेत काही अडतं का? आधार कार्ड नाही दोघांचंही.

सीईटीचा_चष्मा

आधी सोपं. ओसीआयला शाळेत शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, एफआरआरओकडे (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं कार्यालय) नोंदणीही नाही. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय दोन्हींच्या प्रती शाळेला द्या. मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. नवा आला की तीन महिन्यांत ओसीआयच्या पोर्टलवर त्याची प्रत आणि फोटो चढवायचा, वीस वर्षांचा होईपर्यंत दर वेळी. फी नाही, पण विसरायला मात्र फार सोपं.

आधार: मुलगी भारतीय पासपोर्टवर आहे, तिला पोचल्या पोचल्या काढता येईल. मुलाला आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणं पूर्ण व्हावं लागतं, म्हणजे जूनला आलात तर डिसेंबर उजाडेल. शाळेला तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर महिन्याला ‘आधार आणा’ अशी चिठ्ठी वहीत येणार नाही. यूडायस या शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर भारतातल्या मुलांचा शिक्षण क्रमांक एका शाळेतून दुसरीकडे जातो, तुमच्या मुलांचा मुळात नाहीच. शाळेला ‘नवीन विद्यार्थी’ म्हणून नोंद करावी लागते. कारकून जुना क्रमांक मागत बसला तर हे समजावून सांगा. अपार आयडीचा (विद्यार्थ्याचा देशभरचा डिजिटल ओळख क्रमांक) फॉर्म येईल, तो पालकांच्या संमतीवर आहे.

आता पुढचं, जे आज कुणाच्या डोक्यात नसतं. महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळेतून हवी, शिवाय अधिवास. शाळा सीबीएसईची असली तरी चालते, फक्त महाराष्ट्रात हवी. मुलगी नववीला आली तर हे दार उघडं राहतं. दहावी अमेरिकेत करून अकरावीला आली असती तर बंद झालं असतं. अभियांत्रिकीचं थोडं सैल आहे: दहावी-बारावी इथली असेल तर ‘टाइप ए’, नसेल तरी आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास दाखला असला तर ‘टाइप बी’मधून अर्ज करता येतो.

मुलाचं प्रकरण वेगळं. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना नीट, जेईई वगैरे प्रवेशांत अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरलं. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्यांना नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना मागल्या तारखेने लागू होत नाही असं ठरवलं, म्हणून ज्यांचं कार्ड त्या तारखेआधीचं ते जुन्या सवलतीत. तुमच्या मुलाचं कार्ड २०२२ चं, म्हणजे तो नव्या नियमात. दहा वर्षांत काय बदलेल ते बदलेल, पण एकाच घरातल्या दोन भावंडांना पुढे दोन वेगळे नियम लागू शकतात हे आजच माहीत असलेलं बरं. तो अमेरिकन नागरिक असल्याने तिकडच्या कॉलेजची वाट त्याला मोकळी आहेच, राज्याच्या रहिवाशांची सवलतीची फी तेवढी हातची गेलेली असेल.

खडूफळा

आयजीसीएसई ‘सोपं’ नाही, ओळखीचं आहे. प्रश्न विचारण्याची पद्धत अमेरिकन मुलाला जवळची वाटते, देवनागरीचा ताण कमी. पण फी सीबीएसईच्या कित्येक पट, आणि पुढे अकरावीला भारतीय बोर्डात यायचं असेल तर आत्ताच चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. गणित ‘एक्स्टेंडेड’ घ्या. ‘कोअर’मध्ये कितीही चांगलं लिहिलं तरी सी च्या वर श्रेणी मिळत नाही. शास्त्र शाखेचा विचार असेल तर भौतिक, रसायन, जीव तिन्ही स्वतंत्र विषय घ्या, एकत्रित विज्ञानावर अकरावीचा पाया कच्चा राहतो. दहावीची समकक्षता मिळायला इंग्रजी धरून किमान पाच विषयांत सी किंवा वर श्रेणी लागते. आणि परीक्षा मार्चच्या सत्राला द्या. केंब्रिजचं हे सत्र भारतासाठीच आहे, निकाल मेमध्ये लागतो, म्हणून अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात मूल मागे राहत नाही. मे-जूनच्या सत्राचा निकाल ऑगस्टमध्ये येतो, तोवर चांगल्या कॉलेजांच्या फेऱ्या संपलेल्या.

तीन-चार वर्षांत पुन्हा परदेशी जाण्याची खरी शक्यता असेल तर जरूर घ्या. ‘कायमचं परतायचं’ लिहिलंय तुम्ही, तर माझं मत सीबीएसई किंवा एसएससी. मराठी नको म्हणून आयजीसीएसई घेत असाल तर आधी शाळेला विचारा, वर सांगितलेला कायदा तिथेही आहेच.

आखाती_सावली

आखातातल्या कुणी हा धागा वाचत असेल तर त्यांच्यासाठी: तिथल्या सीबीएसई शाळेतून पुण्यातल्या सीबीएसई शाळेत येणं यापेक्षा पुष्कळ सोपं. वर्ष एप्रिलचंच, टीसी (शाळाबदलीचा दाखला) मिळते, नववीची नोंदणी झालेली असली तर दहावीतही बदली होऊ शकते. फक्त टीसीवर लागणाऱ्या सह्या-शिक्के तिथेच पुरे करून घ्या. उलट दिशेने, म्हणजे पुण्याहून दुबईला जाताना, दाखल्यावर आधी इथल्या शिक्षण खात्याची सही, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास असा क्रम आहे. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

ओली_पाटी

याच धाग्यात विचारते. आमच्या मुलाला तिकडे डिस्लेक्सियासाठी आयईपी (शाळेने त्याच्यासाठी आखलेली वैयक्तिक शिक्षण योजना) आहे, सातवीत आहे. इथे ते चालतं का?

दाखल_खारीज

आयईपी जसाच्या तसा चालत नाही. तो तिकडच्या कायद्याचा कागद आहे. पण त्यामागचा मानसशास्त्रीय तपासणीचा पूर्ण अहवाल फार मोलाचा. सारांश नको, गुणांचे तक्ते असलेला संपूर्ण अहवाल घ्या. तिथे दर तीन वर्षांनी फेरतपासणी होते. शेवटची दोन वर्षांपूर्वीची असेल तर निघण्याआधीच ती करून घ्यायची मागणी लेखी द्या, फुकट होते.

इथे आल्यावर बोर्डाच्या सवलतींसाठी बोर्डाला मान्य असलेल्या ठिकाणचं प्रमाणपत्र लागतं. राज्य मंडळासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. मुंबईत शीवच्या रुग्णालयातलं अध्ययन-अक्षमता केंद्र यासाठी सर्वांना माहीत आहे. रांग महिन्यांची असते, म्हणून आठवीतच नाव नोंदवा. सीबीएसईत तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, गरजेप्रमाणे लेखनिक, विषयांत लवचीकता मिळते, पण अर्ज शाळेमार्फत आणि नववीच्या नोंदणीबरोबर जायला हवा. शाळा निवडताना ‘स्पेशल एज्युकेटर पूर्णवेळ आहे का’ एवढंच विचारू नका. ‘मागच्या वर्षी दहावीला किती मुलांना सवलत मिळवून दिलीत’ हे विचारा. उत्तर अडखळलं तर पुढची शाळा.

परतीची_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे: मुलगी नववी, मुलगा तिसरी, वर्ष पूर्ण करून जूनमध्ये, कागदांची मागणी एप्रिलमध्ये. शेवटचे दोन प्रश्न. एका शाळेने मुलाची ‘प्रवेश परीक्षा’ घेऊ म्हटलंय आणि ‘विकास निधी’ वेगळा सांगितलाय. हे रीतसर असतं का? आणि पत्त्याचा पुरावा काय द्यायचा, घर अजून घेतलेलं नाही.

दाखल_खारीज

पहिली ते आठवी प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घ्यायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ची मनाई आहे. ‘कुठून सुरुवात करायची ते बघायला’ म्हणून प्रवेश दिल्यानंतर चाचणी घेतली तर ती वेगळी गोष्ट, उपयोगाचीही. मुलीच्या नववीला हे कलम लागत नाही, तिची इंग्रजी-गणिताची लेखी चाचणी बहुतेक शाळा घेतात, तयारीत ठेवा.

निधीबद्दल: देणगी घेण्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर झालेली असते. मंजूर फीचा तक्ता मागा आणि त्यात नसलेल्या रकमेची पावती मागा. पावती देणार नाही म्हणाले तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पत्त्याला नोंदणीकृत भाडेकरार चालतो, अकरा महिन्यांचाही. नुसत्या शंभराच्या स्टॅम्पपेपरवर केलेला चालत नाही, ‘लिव्ह अँड लायसन्स’ नोंदवलेला हवा. तोवर आजी-आजोबांच्या घराचं वीजबिल आणि त्यांचं संमतीपत्र देऊन प्रवेश घेता येतो, घर झालं की पत्ता बदला. बसचा मार्ग मात्र घर ठरल्यावरच विचारा. बऱ्याच शाळा ठराविक अंतरापलीकडे बस पाठवत नाहीत, आणि सकाळी पावणेसातला कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या तिसरीतल्या मुलाला मराठी वाचायला लावणं अवघडच.

गणिती_काका

दोन कंपास पेट्या इथूनच घ्या. तिकडचा कंपास पेन्सिल घट्ट धरत नाही.